हिवराळे मॅडम आणि पाहुणं वजन

हिवराळे मॅडमसमोर ‘बराबर’ हा शब्द काढायची सोय नव्हती. आमच्या जालन्यात हा शब्द लोक पाण्यासारखा वापरतात. पगार झाला का, बराबर. लेक सासरी कशी आहे, बराबर. टेम्पो आला का, बराबर टायमाला आला. मॅडमच्या कानावर तो पडला की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा नाकावर खाली घ्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, “बराबर म्हणजे किती कमी-जास्त?” समोरचा माणूस गांगरायचा. नवा असेल तर त्याला वाटायचं, बाई भांडायला उठली.

माझी पहिली भेट अशीच. मी वाटूरची. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत ऑफिसात लागले, तेव्हा टपाल, कुरियर आणि टायपिंग असं सगळं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, “मंगलताई, गावाहून यायला किती वेळ लागतो?” मी म्हटलं, एक तास, बराबर. झालं. चष्मा खाली आला. “एस्टीनं आलात तर? जीपनं आलात तर? जीप भरेपर्यंत थांबावं लागलं तर?” मी म्हटलं, मग जास्त लागतो की. तर म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे. फक्त तुम्ही सांगत न्हाई.” मी मनात म्हटलं, मंगल, या बाईबरोबर तुझं काही खरं नाही. पुढे त्या निवृत्त होईपर्यंत दुपारचा डबा मी त्यांच्याच टेबलावर खाल्ला.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे कंपनीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. जिल्ह्यातले काटे आणि वजनं तिथं तपासायला यायची. बियाणेवाल्यांचे नाजूक काटे, लोखंडाच्या गिरण्यांची वजनं, कधी एखाद्या सोनाराचीही. बाहेरून येणारं वजन खरंच तेवढं आहे का, हे मॅडम आपल्याकडच्या वजनाशी ताडून सांगायच्या. मी एकदा डोकं खाजवत विचारलं, “आणि तुमचं वजन खरं आहे हे कोण सांगतं?” त्यांना हा प्रश्न फार आवडला. म्हणाल्या, आपलं वजन दिल्लीच्या वजनाशी ताडलेलं आहे. दिल्लीचं जगातल्या बाकीच्या देशांच्या वजनांशी. “एकमेकांचे हात धरून उभे असल्यासारखं आहे बघा. कुणी एकानं हात सोडला की पुढच्या सगळ्यांचं गेलं.”

आतली खोली काट्याची. तिथं गार हवा, दाराला दुहेरी पडदा आणि एकच खुर्ची. मोजायच्या आधी मॅडम आत जाऊन बराच वेळ नुसत्या बसून राहायच्या. मला वाटायचं ध्यानबिन करतात. तसं नव्हतं. माणसाच्या अंगाची ऊब तिथल्या काट्याला सहन होत नाही, आकडा हलायला लागतो. म्हणून आत एकट्यानंच जायचं आणि काट्याला आपली सवय होईपर्यंत गप्प बसायचं. दोन माणसं आत गेली की काम बिघडलं. मी म्हटलं, “मॅडम, एकटं बसून कंटाळा येत न्हाई का?” त्या म्हणाल्या, “आत एकटी असते त्याचं काही वाटत न्हाई. तिथं एकटं असायला कारण तरी आहे.” हे बोलून त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं सरकवली. मी चटणी वाढून घेतली.

मॅडम जाफराबादच्या. वडील शाळामास्तर. एकुलती मुलगी, शिकली, पदार्थविज्ञानात एमएस्सी झाली आणि लग्न मात्र राहिलं. ते कसं राहिलं हे त्या हसत सांगायच्या. पहिलंच स्थळ आलं, मुलाच्या आत्यानं विचारलं, स्वयंपाक येतो ना बराबर? या म्हणाल्या, “येतो. मीठ कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त.” आत्याबाईंनी तिथंच चहाचा कप खाली ठेवला. “मी खोटं काय बोलले सांगा. कोणत्या बाईचं मीठ रोज एकसारखं पडतं?” मी हसून हसून बेजार. त्या पण हसल्या. मग पदरानं चष्मा पुसत राहिल्या, जरा जास्तच वेळ.

कंपनीत त्यांना मान होता. पण मान असणं आणि माणसं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. साखरपुड्याच्या पत्रिका त्यांच्या टेबलावर यायच्या, त्यावर ‘मॅडम’ एवढंच लिहिलेलं असायचं. हळदीकुंकवाला इतर बायका मला ओढून न्यायच्या आणि त्यांना विचारायच्याच नाहीत, म्हणायच्या त्यांच्यात न्हाई चालत. चालतं की नाही हे विचारलं कुणी होतं का? मी एकदा हे बोलून दाखवलं तर जमलेल्या बायका माझ्याकडंच बघायला लागल्या. मी गप्प बसणारी बाई नाही, पण त्या दिवशी माझंही तोंड बंद झालं.

आमच्या कंपनीचं मिरचीचं बियाणं आफ्रिकेत जायचं. तिथं पेरणीच्या वेळेला माल बंदरात अडकला की शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. तो अडकू नये म्हणून तिकडच्या लोकांनी आपल्या कागदावर विश्वास ठेवायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायचं नाही, अशी रीत असते. आता तिकडची माणसं आपल्याला ओळखत नाहीत, आपण त्यांना. मग विश्वास येतो कुठून? त्यासाठी एक युक्ती असते. एखादी मोठी प्रयोगशाळा एक वजन लाकडी पेटीत घालून देशोदेशी फिरवते. प्रत्येकानं ते मोजायचं, आपला आकडा कळवायचा, पेटी पुढं धाडायची. शेवटी सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कोण किती पाण्यात आहे ते दिसतं. आमच्या प्रयोगशाळेला त्यात घेतलं, तेव्हा मॅडमनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. मी त्यांना एवढं खूश कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी डबा खाताना त्या मला म्हणाल्या, “मंगलताई, आपल्यानंतर ही पेटी नैरोबीला जाणार, तो शेवटचा मुक्काम. तिथं वांजिरू नावाची बाई आहे, माझ्यासारखीच. तिला माझं आडनाव कळत न्हाई. माझं गाव, माझी जात, माझे वडील कोण, काही माहीत न्हाई. तिला माझा आकडा माहीत असणार, आणि तो किती खालीवर असू शकतो तेवढं. तेवढ्यावर ती मला मानणार. इथं उलटं आहे. इथं सगळ्यांना माझं सगळं माहीत आहे, आणि आकडा कुणी बघत न्हाई.”

मी तेव्हा भात कालवत होते. त्यातला अर्धा मी त्यांच्या डब्यात वाढला.

पेटी आली ती दसऱ्याच्या तोंडावर. आमच्याकडे दिगंबरमामा नावाचे जुने मदतनीस होते. प्रयोगशाळेची साफसफाई, वजनांची ने-आण सगळं त्यांच्याकडं. देवभोळा, निर्मळ माणूस. पेटी बघून त्यांना कोण आनंद. ते तिला पाव्हणाच म्हणायला लागले. “पाव्हणा आल्ता का खोलीत? पाव्हण्याला गारवा बराबर हाय का?” नैरोबीच्या बाईचं नाव ऐकून तर म्हणाले, “वांजिरू म्हणजे आपल्याकडच्या वंजाऱ्यातलीच दिसून राह्यली.” मॅडमसुद्धा हसल्या. त्यांनी वजन मोजलं, पुन्हा मोजलं, आकडा कळवून टाकला. पेटी न्यायला कुरियरवाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. गिरणीवाले यंत्रांना हार घालतात, ड्रायव्हर गाडीला लिंबू बांधतो. प्रयोगशाळेत मॅडमनी वर्षानुवर्षं एक नियम घालून दिला होता: हळद-कुंकू टेबलाला लावा, फुलं दाराला लावा, आपल्या काट्याला आणि वजनांना हात लावायचा नाही. दिगंबरमामा तो नियम काटेकोर पाळायचे. त्या दिवशी मॅडम दरवर्षीप्रमाणं जाफराबादला बुद्धविहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. किल्ल्या मामांकडं. दुसऱ्या दिवशी पेटी गेली. पावतीवर मीच सही केली.

मग बरेच महिने काही नाही. आणि एका दुपारी डबा खाता खाता मॅडमनी फोनवर आलेली ईमेल वाचली आणि मला मराठीत सांगायला लागल्या. नैरोबीचा आकडा चुकला होता. पेटी परत गेल्यावर मोठ्या प्रयोगशाळेनं नियमाप्रमाणं वजन धुऊन मोजलं, तर ते निघालं होतं तेवढंच भरलं. म्हणजे वजनात खोट नाही, नैरोबीच्या मोजण्यातच खोट. वांजिरूबाईंनी सगळ्या देशांना लिहिलं होतं: मी माझा काटा तपासला, माझी वजनं तपासली, माझी माणसं तपासली, मला माझी चूक सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाला या वजनाबद्दल काही वेगळं जाणवलं होतं का?

दिगंबरमामा तिथंच उभे राहून कपात चहा ओतत होते. म्हणाले, “कोणतं वजन, आपला पाव्हणा? त्याचं काय बिघडलं? मी त्याला किती चांगलं धाडलं व्हतं. दसऱ्याचा दिस, परमुलखाला निघालेलं. रिकाम्या कपाळानं कसं लावून द्यायचं? हळद-कुंकू लावलं, पाया पडलो, मंग सुती फडक्यानं पुसून पेटीत ठिवलं. हातमोजे घालूनच केलं हां मॅडम, सगळं.”

मला आधी हसू आलं. हातमोजे घालून कुंकू लावणारे दिगंबरमामा डोळ्यासमोर आले. मग मी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं आणि माझं हसू गेलं.

त्या वजनाला वर धरायला मूठ असते आणि मुठीखाली बारीक खोबण. ओलं कुंकू त्या खोबणीत बसलं असणार. फडक्यानं वरचं निघतं, खोबणीतलं नाही. तिकडच्यांना वजन धुवायची परवानगी नव्हती, त्यांनी आहे तसं मोजलं. बाई बरोबर होती. वजन खरंच तेवढं जड होतं. मामांचं काहीच चुकलं नव्हतं असंही म्हणता येईल, कारण नियम आपल्या वजनांना हात न लावण्याचा होता, आणि हे आपलं नव्हतं, पाहुणं होतं.

मॅडम सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. काय बोलणं झालं ते मला बाहेर ऐकू येत होतं, पार्टिशन पातळच आहे. मालक वाईट माणूस नाहीत. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, आपला आकडा तर बराबर आला ना? आपलं नाव कुठंच न्हाई. मंग आपण कशाला मधी पडायचं? आपली मान्यता गेली तर गिऱ्हाईक सगळं संभाजीनगरला जाईल. दोन खोल्या उभ्या करायला तुमचं आयुष्य गेलंय.” मॅडम म्हणाल्या, “आपण मोजल्यावर कुंकू लागलं, म्हणून आपला बराबर आला आणि तिचा चुकला, सर. ती बाई तिकडं एकटी बसून स्वतःची चूक शोधून राह्यली. ती तिला सापडणार न्हाई. ती माझ्याकडं आहे.”

मालक बराच वेळ बोलले. मॅडम बाहेर आल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मला भीती वाटून राह्यली, मंगलताई.” एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं त्यांनी हात सोडवून घेतला आणि कॉम्प्युटरसमोर गेल्या.

त्यांनी स्पष्ट लिहिलं. वजन आमच्या प्रयोगशाळेतून निघण्याआधी त्याला हळद आणि कुंकू लागलं, किल्ली मी दिली होती, पाहुण्या वजनाबद्दलची सूचना मी दिली नव्हती, जबाबदारी माझी. दिगंबरमामांचं नाव कुठंच नव्हतं. तिकडून कारण नोंदवायला जो छापील रकाना आला, त्यात एक इंग्रजी शब्द होता, कंटॅमिनेशन. ऑफिसातल्या कुणीतरी तो वाचला आणि त्याचं मराठी करून टाकलं: बाटणं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कंपनीत झालं की हिवराळे मॅडमनी परदेशात लिहून कळवलं, कुंकवानं वजन बाटलं. त्यापुढं लोक काय बोलले ते मी लिहिणार नाही. मॅडमच्या समाजाचं नाव घेऊन बोलले एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी दिगंबरमामा टेबलापाशी आले. डोळे लाल. “मॅडम, माझ्या कुंकवानं बाटलं म्हणून लिवलं तुम्ही?”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “मामा, तो शब्द मी खोडला. रकान्यात छापून आल्ता, मी त्याच्यावर रेघ मारली आणि लिहिलं, वजन वाढलं. एवढंच. माझ्या आजीनं हात लावला की लोक माठ बाटला म्हणायचे, घरात पाणी न्हाई घ्यायचे. तो शब्द मी कुणाच्या कुंकवाला लावीन का? तुम्ही त्याला पाहुणा मानलं, मला त्याचं कौतुकच आहे. फक्त पाहुण्याबरोबर आपलं ओझं गेलं, आणि ते त्या बाईच्या नावावर पडलं.”

मामांनी ऐकलं. खाली बघितलं. मला वाटलं आता हा माणूस विरघळेल. पण ते वळले आणि निघून गेले. चार लोकांत त्यांना जो कमीपणा आला होता, तो या बोलण्यानं भरून येणारा नव्हता. त्यानंतर ते मॅडमशी कामापुरतं बोलायचे, आणि चहा माझ्या टेबलावर ठेवून जायचे, मॅडमचाही.

प्रयोगशाळेची मान्यता थांबवली गेली. काटे यायचे बंद झाले. आतल्या खोलीतला एसी मालकांनी खर्च नको म्हणून बंद ठेवला, तरी मॅडम रोज तिथं जाऊन बसायच्या. पुढं वर्षभरानं तपासणी होऊन मान्यता परत आली, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, आणि माणसं तर त्याच्या आधीच गेली होती. त्या मधल्या दिवसांत एकच चांगली गोष्ट झाली. वांजिरूबाईंचं उत्तर आलं. मॅडमनी ते मला वाचून दाखवलं. वांजिरूबाईंचा सही करायचा अधिकार काढून घेतला होता, तो परत मिळाला होता. त्यांनी लिहिलं होतं, “मी माझ्या हातांवर संशय घ्यायला लागले होते. एवढी वर्षं या हातांनी काम केलं, आणि मला वाटायला लागलं होतं की ते आता माझे राहिले नाहीत. तुम्ही माझे हात मला परत दिलेत.” मॅडम वाचता वाचता थांबल्या. मी म्हटलं, रडा हो मॅडम, इथं दुसरं कोण आहे बघायला. आणि आम्ही दोघी रडलो.

तेव्हापासून त्या दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. सगळा कामाचाच. तिकडं हवा किती दमट आहे, इथं किती कोरडी, काट्याला कोणती जागा मानवते. सणवार, घरदार काही नाही. मी चिडवायची, “मॅडम, मैत्रिणीला कधी विचारा तरी, पोरंबाळं किती.” त्या म्हणायच्या, “मी विचारलं की मग तिलाही मला विचारावं लागेल.”

निवृत्त होऊन मॅडम जाफराबादच्या घरी गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मालकांनी शाल दिली, भाषण केलं. दिगंबरमामा त्या दिवशी रजेवर होते. मी अधूनमधून जायची, जीपनं. घरात एक पलंग, पुस्तकं, खिडकीशी खुर्ची. त्या मला उठून जाऊ द्यायच्या नाहीत. शेवटची जीप चुकेल म्हटलं की म्हणायच्या, “अजून वेळ आहे.” मागच्या हिवाळ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेल्या. पोचले तेव्हा विहारातली माणसं होती, वंदना झाली, सगळं नीट झालं. घरी परतताना एस्टी स्टँडवर दिगंबरमामा दिसले. आले होते, पण घरापर्यंत गेले नव्हते. मला म्हणाले, “किती वर्षं बोललो न्हाई मी. आता बोलून काय उपेग.” आणि स्टँडच्या बाकावर बसून राहिले. मी पण शेजारी बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

नैरोबीला कोण कळवणार? माझं इंग्रजी म्हणजे आनंद आहे. तरी मोबाईलवर शब्द शोधून शोधून मी चार ओळी लिहिल्या. मॅडम गेल्या. मी त्यांची ऑफिसातली मंगल. तुमचं नाव त्यांच्या बोलण्यात नेहमी असायचं.

वांजिरूबाईंचं उत्तर लगेच आलं. लांबलचक होतं, सगळं मला कळलं नाही, मुलीकडून वाचून घेतलं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, इतकी वर्षं आम्ही लिहीत होतो आणि मी त्यांना कधी विचारलं नाही, आता तुम्हाला विचारते. त्यांना कुणी होतं का?

मी मोबाईल हातात धरून बसले. मी होते असं लिहावं असं आधी वाटलं. ते खोटं नव्हतं. पण मी त्यांना रोज बघत होते, त्यांच्या हातची चटणी खात होते. मला त्यांच्यावर विश्वास ठेवायला काय लागलं? वांजिरूबाईंनी तर त्यांना न बघताच मानलं होतं. मग मी मुलीला म्हटलं, इंग्रजीत नीट लिही आणि पाठव.

होतं. तुम्ही होतात.